दारात बेलिफ आला तर

एका गटाच्या बैठकीत मावशी पासबुक काढायच्या आधीच रडायला लागल्या. घरी दोन माणसं आली होती. "आम्ही कोर्टाची माणसं. या कागदावर सही करा, नाहीतर उद्या भांडीकुंडी उचलून नेऊ." कर्ज मावशींच्या मालकांनी सात वर्षांपूर्वी घेतलेलं. ते वारले त्यालाही चार वर्षं झाली. मावशींनी पेन हातात घेतलं होतं, सुनेने अडवलं.

ती माणसं फायनान्सचे वसुली एजंट निघाली. बेलिफ हा कोर्टाचा नोकर असतो. त्याच्याकडे कोर्टाच्या सहीशिक्क्याचा, केसचा नंबर असलेला कागद असतो. तो मागा, वाचून घ्या, नंबर वहीत उतरवा. नुसता समन्स असेल तर तो घ्याच. दार लावून बसलात आणि तारखेला गेला नाहीत, तर निकाल एकतर्फी लागतो. (पतसंस्थेचा वसुली अधिकारी वेगळा; त्याला सहकार कायद्याने जप्तीचे अधिकार असतात, तेव्हा त्याचाही कागद बघा.)

आता जुन्या कर्जाचं. काही गहाण नसलेल्या कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते. एकदा कोर्टाचा हुकूमनामा झाला, की वसुलीला १२ वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आत तुम्ही देणं लेखी कबूल केलं, तर ३ वर्षं नव्याने मोजायची. आणि मुदत संपल्यावरही "पैसे देईन" असं लिहून सही दिलीत, तर त्या कागदावर पुन्हा दावा लागू शकतो. एजंटला सही हवी असते ती यासाठी. देणं बुडवा असं आम्ही म्हणत नाही, आपले गटही कर्जावरच चालतात. पण न वाचता सही नको.

नवऱ्याचं कर्ज असेल, तर त्याच्या मागे तुमच्या वाट्याला जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच वसुली होते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असाल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी कर्जाच्या कागदावर कुणाच्या सह्या आहेत ते पाहा.

कोर्टाची जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र नेता येत नाही. पोटापुरती शेतीची अवजारं, बैल, बियाणं, कारागिराची हत्यारंही सुटतात. शिलाई मशीनवर घर चालत असेल तर ते ठासून सांगा. सूर्य मावळल्यावर बेलिफाला जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक होत नाही. चेक न वटल्याची केस मात्र फौजदारी, तिला हे लागू नाही. गहाण टाकलेल्या वस्तूलाही ही सूट नाही.

एजंटलाही नियम आहेत. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, हेही चालत नाही.

मावशींना घेऊन आम्ही तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००. वकीलबाईंनी चौकशी केली, तर दावा लागलेलाच नव्हता. मावशींनी तो कोरा कागद अजून पेटीत ठेवलाय, पुढच्या बैठकीला दाखवायला आणणार आहेत. तुमच्याही घरी असा कागद असेल तर घेऊन या.