दान आणि कर : वसतिगृहाच्या ताटातील दोन वाटे

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक विषय हमखास निघतो. कोणी म्हणतात, "आम्ही शासनाला कर भरतो, मग वसतिगृहासाठी वेगळे दान कशाला?" कोणी म्हणतात, "अनुदानासाठी हेलपाटे घालण्यापेक्षा समाजाच्या दानावरच संस्था का चालवू नये?" दोन्ही प्रश्न आपलेपणाने विचारलेले असतात. म्हणून धम्माच्या आणि आपल्या चळवळीच्या आधारे त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दहा पारमितांत पहिली पारमिता दानाची आहे. परंतु राजाच्या कर्तव्याचा प्रश्न येतो तेव्हा धम्म दानापाशी थांबत नाही. दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते आणि चोरी सुरू होते. पकडून आणलेला चोर उपजीविकेचे साधन नसल्याचे सांगतो, तेव्हा राजा त्याला धन देऊन सोडतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो, तर लोक शस्त्रे हाती घेतात. समोर आला त्याला दिले, ही दया झाली. तिच्याने दारिद्र्याचे मूळ उपटले गेले नाही.

कूटदन्त सुत्तात याचे उत्तर मिळते. राज्यात लूटमार माजलेली असताना महायज्ञ करू इच्छिणाऱ्या महाविजित राजाला पुरोहित सांगतो की, अशा वेळी नवा कर लादणे अनुचित होईल आणि केवळ शिक्षेनेही उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे. म्हणजे कर केव्हा घ्यावा आणि राज्याचे धन कोठे लावावे, या दोन्ही गोष्टींचा विवेक येथे सांगितला आहे.

महाराष्ट्राने याचा एक अनुभव घेतला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात येथे रोजगार हमी योजनेने मूळ धरले. तिच्यामागे वि. स. पागे यांचे चिंतन होते. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, आणि १९७७ च्या कायद्याने कामाची मागणी हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूदही त्यात होती. आपल्यापैकी कित्येकांच्या आया त्या कामांवर खडी फोडत आणि माती वाहत होत्या. त्यांना कोणाच्या दारी हात पसरावा लागला नाही. आज नोकरीत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसते, तेव्हा या इतिहासाचे स्मरण असावे. कर केवळ पगारदारच भरतात असेही नाही. साबणाची वडी विकत घेणारी शेतमजूर बाईसुद्धा कर भरते. म्हणून तिच्या मुलाला मिळणारे अनुदान हे कोणाचे उपकार नव्हेत.

मग दानाची गरज उरते काय? उरते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा समाजाने स्वतःहून पाऊल टाकले होते. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. समाजाने सुरुवात करावी आणि राज्याने ती हक्कात उतरवावी, असा हा क्रम आहे.

धारवाडच्या वसतिगृहातील माता रमाईंची आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. अनुदान वेळेवर आले नाही, मुले उपाशी राहिली, तेव्हा त्यांनी हातातील बांगड्या काढून दिल्या. आम्हांलाही हा अनुभव नवा नाही. अनुदानाचा हप्ता रखडतो, पण मुलांची भूक रखडत नाही. अशा वेळी गावोगावहून आलेल्या तांदळाच्या गोण्यांनी आमची चूल पेटती ठेवली आहे. परंतु गोणी आली म्हणून हप्त्याची मागणी आम्ही कधी सोडली नाही. दात्याचा हात आखडला, तर त्याच्याकडे दाद मागता येत नाही. शासनाकडे मात्र ती मागता येते, आणि मागितलीच पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी की, धान्य, पुस्तके, पैसा यथाशक्ती द्यावा. त्याबरोबर आपला वेळही द्यावा. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज यांत अडकलेल्या एका मुलाच्या पाठीशी उभे राहणे हेही दानच आहे. त्या दानातून त्या मुलाला स्वतःचा हक्क मागण्याचे बळ मिळते.