धाब्याचा कठडा : घरच्या शेतांतील काम व कायदा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८.
सोबत वाचावें : निर्गम २१:३३, ३४, अनुवाद ५:१२–१५, २ राजे ४:१८–२०, रूथ २:८, ९, याकोब ५:४.

सुगी आली म्हणजे आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत आनंद असतो. उपकारस्तुतीच्या दिवशीं लोक धान्याच्या पाट्या घेऊन देवाच्या मंदिरांत येतात आणि पाळक त्यांवर प्रार्थना करितात. त्याच दिवसांत दुसऱ्याहि कांहीं गोष्टी घडतात; त्यांचा उल्लेख त्या प्रार्थनेंत क्वचित् येतो. कोणाचा हात मळणी यंत्रांत जातो, कोणी कपाशीवर औषध फवारतां फवारतां बांधावर कोसळतो, कोणाचें लेंकरूं कठडा नसलेल्या विहिरींत पडतें.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका घरीं मी प्रार्थनेस गेलों होतों. बारा वर्षांची मुलगी बापाच्याच शेतांत, भाड्यानें आणलेल्या मळणी यंत्रांत गव्हाच्या पेंढ्या लोटीत होती. तिचा उजवा हात मनगटापासून गेला. बाप देवभीरु, कष्टाळू, मुलीवर जीव टाकणारा. तो मला म्हणाला, “पाळकसाहेब, हात गिरणींत गेला असता तर मालकावर दावा लावतां आला असता. येथें मालक मीच आणि बापहि मीच. मीं फिर्याद कोणावर करावी?” त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आजच्या पाठांत आपण त्याच्या प्रश्नाचा विचार करूं. जे कायदे कारखान्यांतील कामकऱ्याच्या जिवाचें रक्षण करितात, ते घरच्या शेतास लागू असावे काय? आणि याविषयीं देवाचें वचन आपणांस काय शिकवितें?

१. शास्त्र उंबरठ्याच्या आंत येतें

मोशेच्या नियमशास्त्रांत नवें घर बांधणाऱ्यास एक लहानशी आज्ञा आहे. त्यानें धाब्यास कठडा करावा, म्हणजे वरून कोणी पडून मेल्यास त्या घरास हत्येचा दोष लागणार नाहीं. इस्राएल लोकांचीं घरें आपल्या देशावरील माळवदांसारखीं सपाट छपराचीं असत. राहाबेनें आपल्या धाब्यावर जवसाचे देंठ पसरिले होते (यहोशवा २:६). पेत्र प्रार्थनेसाठीं धाब्यावर गेला होता (प्रेषितांचीं कृत्यें १०:९). अर्थात् धाबें ही घरच्या माणसांची नित्याची कामाची व प्रार्थनेची जागा होती.

या आज्ञेंतील चार गोष्टींकडे लक्ष द्यावें. पहिली, ती मंदिराविषयीं किंवा राजवाड्याविषयीं नाहीं. साध्या गृहस्थास त्याच्या स्वतःच्या घराविषयीं ती दिलेली आहे. ‘घर माझें आहे’ हें उत्तर तेथें चालत नाहीं. दुसरी, पडणारा मुलगा असेल, पाहुणा असेल किंवा चाकर असेल. आज्ञा तसा भेद करीत नाहीं. तिसरी, कठडा घर बांधतांनाच घालावयाचा आहे. कोणी पडल्यावर नव्हे. चौथी, कठडा नसल्यामुळें मनुष्य मेला तर त्याला शास्त्र दैव म्हणत नाहीं, दोष म्हणतें. आपल्या गांवांत अपघात झाला म्हणजे “तिच्या नशिबांतच होतें” असें लोक बोलतात, आणि ख्रिस्ती लोकहि त्यांत मान डोलवितात. कठड्याची आज्ञा मानणाऱ्यानें तसें बोलणें शोभत नाहीं.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत हेंच तत्त्व शेताच्या बांधावर आलें आहे. खाडा उघडा टाकला व त्यांत शेजाऱ्याचा बैल पडला, तर खाडा उघडा टाकणाऱ्यानें भरपाई द्यावी. शब्बाथाच्या आज्ञेंत तर देव थेट कुटुंबांत शिरतो. विसावा कोणाला द्यावा हें सांगतांना पुत्र व कन्या यांचीं नांवें आधीं येतात. मग दास व दासी, मग बैल व गाढव, आणि शेवटीं वेशीच्या आंत राहणारा परका. आपल्याच मुलास सातही दिवस राबविण्याची मोकळीक बापास नव्हती.

शूनेम गांवच्या स्त्रीची कथा आपण अलीशाच्या चमत्कारासाठीं वाचतों. तिचा आरंभहि वाचावा. लहान मुलगा कापणी करणाऱ्यांमध्यें बापाकडे गेला, डोकें दुखतें म्हणून ओरडला, आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर बसून मेला. त्यास ऊन लागलें असावें असें पुष्कळ टीकाकार मानितात. त्या बापास शास्त्र दोष देत नाहीं. तथापि प्रेमळ बापाच्या स्वतःच्या शेतांतहि मुलाच्या जिवास धोका असतो, हें त्या चार ओळींवरून दिसून येतें.

२. देशाचा कायदा कोठपर्यंत आला

आपल्या देशांतील पहिला कारखाना कायदा १८८१ सालीं झाला. शंभर किंवा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीनें चालणाऱ्या कारखान्यांस तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची त्यानें मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास दिवसास नऊ ठरविले. शेत मात्र बाहेरच राहिलें. तेव्हां शेतांत विळा, नांगर व मोट होती. हात तोडणारें यंत्र नव्हतें.

यंत्र आधीं आलें, कायदा मागाहून आला. १९८३ सालीं संसदेनें धोकादायक यंत्रांचा कायदा केला; त्याचा रोख मुख्यतः मळणी यंत्रावर होता. परवान्यावांचून असें यंत्र बनवूं नये, तें सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणें असावें, आणि त्यावर काम करणाऱ्यास इजा झाल्यास कामावर ठेवणाऱ्यानें भरपाई द्यावी, असें त्यानें ठरविलें. पेंढी लोटावयाच्या तोंडाशीं पुरेशी लांब व वरून झांकलेली पन्हळ असली म्हणजे हात आंतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोंचत नाहीं. ती पन्हळ हा त्या यंत्राचा कठडाच होय.

बालमजुरीचा कायदा १९८६ सालचा. मुलांस निषिद्ध अशा कामांच्या त्याच्या यादींत पुढें ट्रॅक्टर, मळणी व कापणीचीं यंत्रें आणि कडबा कापणें हीं शेतीचीं कामें घालण्यांत आलीं. परंतु धनी आपल्या कुटुंबाच्या मदतीनें जें काम चालवितो त्याला त्या कायद्यानें सवलत दिली होती. शेजाऱ्याच्या मुलास जें निषिद्ध, तें पोटच्या मुलास मोकळें! २०१६ सालीं ही सवलत आंखूड झाली. चौदा वर्षांखालील मुलानें घरच्या कामास हातभार लावावा, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटींत. आणि तें काम धोक्याच्या यादींतलें नसावें, असें ठरलें. कायदा उंबरठ्यापर्यंत येऊन थांबला होता. त्यानें एक पाऊल आंत टाकलें.

औषधांची गोष्ट निराळी व अधिक दुःखाची आहे. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालीं झाला, आणि १९७१ च्या नियमांत विषारी औषध हाताळणाऱ्यास संरक्षक कपडे व श्वासासाठीं साधन असावें असें लिहिलें गेलें. तरीहि २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणारे शेंकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले व वीसहून अधिक दगावले. त्यांत स्वतःच्या शेतांत फवारणारे होते आणि रोजानें लावलेले मजूरहि होते. नियम पुस्तकांत होता. अंगावर मात्र फाटका सदरा होता.

३. शेतकऱ्याचें म्हणणें

कायदा शेतांत नको असें म्हणणारे सर्व लोक निर्दय नसतात. त्यांचें म्हणणें नीट ऐकावें. ते म्हणतात, मुलाची काळजी बापाला अधिक कीं सरकारी निरीक्षकाला? दोन एकरांच्या कुळवाड्यानें नोंदवह्या कशा ठेवाव्या? निरीक्षक आला म्हणजे सुरक्षितता येते कीं लांच देण्याचा आणखी एक प्रसंग येतो? आणि मूल शेतांत काम करितां करितां जें शिकतें, तें शाळेंत शिकतें काय?

यांतील शेवटली गोष्ट पूर्णपणें खरी आहे. आपला प्रभु नासरेथांत सुतार म्हणून ओळखला जात असे (मार्क ६:३). घरच्या कामांत लहानपणापासून हात घालणें ही लाज नव्हे, शिक्षण होय. गुरें पाण्यावर नेणें, भाजी खुडणें, भाकरी शेतावर पोंचविणें यांनीं मूल शहाणें होतें. परंतु मुलानें काम करावें हें जितकें खरें, तितकेंच तें काम त्याचा हात तोडणारें नसावें हेंहि खरें. पहिल्या गोष्टीच्या आडोशानें दुसरी झांकूं नये. बापाची काळजी अधिक हेंहि खरें. पण काळजी म्हणजे पन्हळ नव्हे. त्या मुलीच्या बापास काळजी कमी नव्हती, पन्हळ मात्र नव्हती.

४. इतर देशांचा अनुभव

हा वाद आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९३८ च्या मजुरी कायद्यापासून शेतीस निराळें वागविलें जातें. इतर धंद्यांत धोक्याच्या कामास अठरा वर्षांची अट आहे, शेतींत सोळांची. आणि आईबापांच्या शेतावर त्यांच्या मुलांस तीहि नाहीं. २०११ सालीं तेथील मजूरखात्यानें हे नियम कडक करण्याचा मसुदा काढला. शेतकऱ्यांनीं मोठा विरोध केला, आणि एप्रिल २०१२ मध्यें तो मागें घेण्यांत आला. उलट ब्रिटनमध्यें तेरा वर्षांखालील मुलानें शेतीच्या कामांत ट्रॅक्टर चालवूं नये व त्यावर बसूनहि जाऊं नये असा नियम आहे; मूल शेतकऱ्याचें स्वतःचें असलें तरी त्यास सूट नाहीं.

स्वीडनचा मार्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. ट्रॅक्टर उलटून चालकाचा चेंदामेंदा होण्याचे प्रकार तेथें पुष्कळ होत. १९५९ पासून प्रत्येक नव्या ट्रॅक्टरास चालकाभोंवतीं बळकट पोलादी चौकट असावी असा कायदा झाला. पुढें जुन्या ट्रॅक्टरांसहि तो लागू झाला. त्या रीतीचे मृत्यू हळूहळू जवळजवळ नाहींसे झाले. तेथें निरीक्षकास प्रत्येक शेतकऱ्याच्या दाराशीं जावें लागलें नाहीं. कठडा कारखान्यांतूनच ट्रॅक्टराबरोबर शेतांत आला.

५. तर मग निर्णय काय करावा?

शास्त्र व अनुभव हीं दोन्हीं समोर ठेवून तीन भेद करावे असें वाटतें.

पहिला भेद मजुरी-तासांचे कायदे व जीव-अवयवांचे कायदे यांचा. भाऊ भावाच्या शेतांत किती तास राबला, सुनेनें किती पेंढ्या बांधल्या, याची नोंद सरकारनें मागूं नये. कुटुंब हें प्रेमानें चालतें, हजेरीपटानें नव्हे. परंतु फिरता पट्टा, विषाचा डबा व उघडी विहीर नातें ओळखत नाहींत. तेथें कायद्यानेंहि नातें पाहूं नये.

दुसरा भेद घरचा मनुष्य व रोजावर लावलेला मनुष्य यांचा. शेत घरचें असलें म्हणून खुरपणीस आलेली बाई घरची होत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें शेतकरी अपघात अनुदानाची योजना काढली. सातबाऱ्यावर नांव असलेल्या शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख, आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख रुपये, अशी तिची तरतूद आहे. ही गोष्ट चांगली आहे. परंतु जिचें नांव कोणत्याच सातबाऱ्यावर नाहीं त्या बाईचें काय? बवाज कापणी करणाऱ्यांच्या शेतांत आला तेव्हां त्यानें परक्या रूथेची अब्रू व तहान या दोहोंची काळजी घेतली. मजुराची अडवून ठेविलेली मजुरी परमेश्वराकडे ओरड करिते असें याकोब लिहितो. मग मजुराचा तुटलेला हात गप्प राहील काय?

तिसरा भेद वस्तु करणारा व वापरणारा यांचा. कायद्याचा पहिला व जड हात यंत्र बनविणारा, विकणारा व भाड्यानें देणारा यांवर पडावा. गरीब शेतकऱ्यावर शेवटीं आणि हलका पडावा. त्यास दंडापेक्षां पन्हळ, हातमोजे व शिकवण यांची गरज अधिक आहे.

६. मंडळीनें काय करावें?

कायदा चांगला असला तरी प्रत्येक खळ्यावर पोंचत नाहीं. मंडळी पोंचूं शकते. मळणी सुरू होण्यापूर्वीं पंचांनीं गांवांतील यंत्रें पाहावीं. पन्हळ नसलेलें यंत्र कोणी भाड्यानें आणूं नये असें ठरवावें. मळणींत सैल बाहीचें वस्त्र, लोंबता पदर व हातांतील कडें घालून यंत्राजवळ जाऊं नये. आंधारांत व थकल्यावर यंत्र चालवूं नये. फवारणी वाऱ्याच्या दिशेनें पाठ करून करावी. औषध मुलांच्या हातीं देऊं नये. रिकामा डबा घरांत पाण्यास वापरूं नये. फवारणाऱ्यास गरगरूं लागलें तर त्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें व औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद डॉक्टरांस दाखवावा. विहिरीस कठडा नसेल तर मंडळीच्या तरुणांनीं एक दिवस श्रमदान करून तो घालावा. तें कोणत्याहि भजनमेळ्याइतकेंच देवास मान्य होईल.

त्या बापाच्या प्रश्नाला मी आज असें उत्तर देईन. बाबा, तुमची फिर्याद पन्हळीवांचून यंत्र बनविणाऱ्यावर आहे, तें भाड्यानें देणाऱ्यावर आहे, आणि कायदा करून तो कागदावर ठेवणाऱ्यांवर आहे. कांहीं अंशीं ती तुमच्यावरहि आहे, आणि माझ्यावरहि. कारण मीं त्या वर्षीं तुमच्या धान्यावर प्रार्थना केली, पण खळ्यावर येऊन यंत्र पाहिलें नाहीं. या दोषास ख्रिस्ताजवळ क्षमा आहे. क्षमा मिळालेल्या मनुष्यानें पुढल्या सुगीपूर्वीं कठडा बांधावा.

विचारासाठीं प्रश्न

१. अनुवाद २२:८ मधील आज्ञा घरधन्यास कां दिली आहे? तुमच्या शेतांत कोणत्या जागीं कठडा नाहीं?
२. शब्बाथाच्या आज्ञेंत पुत्र व कन्या यांचीं नांवें दासदासींच्या आधीं कां यावीं?
३. मुलांस कोणतें काम शिक्षणाचें व कोणतें धोक्याचें? आपल्या गांवच्या कामांची यादी करून ठरवा.
४. तुमच्या शेतांत रोजानें येणाऱ्या मनुष्यास इजा झाल्यास त्याचा भार कोण घेईल? यंदाच्या सुगीपूर्वीं मंडळींत याविषयीं काय ठरवितां येईल?