दासगावच्या धक्क्यावर

सावित्री नदीच्या तीरावर, महाडपासून काही मैलांवर, दासगाव हे जुने बंदर आहे. मोटारींची आजच्यासारखी सोय नव्हती, त्या काळी मुंबईहून महाडकडे जाणारे उतारू जलमार्गाने येऊन दासगावच्या धक्क्यावर उतरत. २५ डिसेंबर १९२७ या दिवशी असाच एक मोठा समुदाय तेथे उतरला. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हे त्याचे पुढारी होते.

हे लोक महाडला जात होते ते पाण्याच्या हक्कासाठी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला होता, आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले होते. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा त्या निरपराध लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. म्हणून डिसेंबरात सत्याग्रह करण्याचे ठरले. इतक्यात महाडच्या काही रहिवाशांनी, तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा दाखल करून १४ डिसेंबर रोजी दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

दासगावच्या धक्क्यावर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक वाट पाहात उभे होते. त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र बाबासाहेबांच्या हाती दिले. अशा प्रसंगी सामान्य मनुष्यास दोनच मार्ग सुचतात. पोलिसांचा पोशाख पाहून भ्यावे आणि मुकाट्याने परतावे, हा एक. आणि हक्क आमचा आहे असे म्हणून तेथेच हातघाईवर यावे, हा दुसरा. बाबासाहेबांनी या दोहोंपैकी एकही मार्ग पत्करला नाही. त्यांनी पत्र वाचले आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना भेटावयास महाडला गेले. बाकीचे लोक शिस्तीने पायी चालत महाडला पोहोचले.

परिषदेत आलेल्या अनेकांना सत्याग्रह व्हावा असेच वाटत होते. मार्चमधील अपमान व मार यांची आठवण ताजी होती. तथापि बाबासाहेब स्वतः कायदेपंडित होते. पोलीस अधिकाऱ्याचा शब्द निराळा आणि न्यायालयाचा हुकूम निराळा, हा भेद ते जाणत होते. न्यायालयाचा हुकूम चुकीचा वाटला तरी तो न्यायालयातच फिरवून घ्यावा लागतो. पुष्कळ चर्चेनंतर, निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करावा, असे ठरले. मग लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. महाडच्या लोकांनी ती पायरी चढून दाखविली. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रतिपक्षाने अपिले केली. आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. वाट लांब होती, तिला जवळजवळ दहा वर्षे लागली. परंतु या वाटेने मिळालेला हक्क पुन्हा कोणासही ठराव करून काढून घेता आला नाही.

पोलिसांशी प्रसंग पडला असता आजही लोकांची मने याच दोन चुकीच्या मार्गांकडे धावतात. काही गैरसमज भीतीतून जन्मतात, तर काही फाजील धिटाईतून. दोन्ही सारखेच घातक होत.

प्रथम भीतीतून उपजणारे गैरसमज पाहू. पोलिसांनी बोलावले म्हणजे अटक झाली, असे पुष्कळांस वाटते. हे खरे नाही. एखादी हकीकत ठाऊक असणाऱ्यास साक्षीदार म्हणून बोलावता येते, पण ते लेखी आज्ञेने. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना त्यांच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती कायद्याने करता येत नाही. साक्षीदाराने तपासात सांगितलेली हकीकत पोलिसांनी लिहून घेतली, तरी तिच्यावर त्याची सही घेण्याचे कारण नसते.

गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, म्हणून येथे फिर्याद घेता येत नाही, हाही असाच एक समज. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते, आणि तिची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ठाण्यावर दाद न लागल्यास तीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते, आणि तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

पोलीस कोणासही चोवीस तास खुशाल डांबून ठेवू शकतात, ही समजूत तर फारच प्रचलित आहे. वस्तुतः चोवीस तास ही अटकेची मर्यादा आहे. ती मोकळीक नव्हे. योग्य कारणावाचून एक तासही कोणास अडवून ठेवता येत नाही. अटक झालेल्यास तिचे कारण त्वरित सांगावे, त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्यास नजीकच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे भारतीय संविधानाचे बाविसावे कलम सांगते. अटकेची बातमी त्याच्या आप्तांस अथवा मित्रास कळविणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे. शिवाय अटक म्हणजे अपराध सिद्ध होणे नव्हे. अपराध ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे.

आता धिटाईचे गैरसमज. वॉरंटावाचून अटक होतच नाही, असे चित्रपट पाहून अनेकजण म्हणू लागतात. परंतु दखलपात्र गुन्ह्यात वॉरंटाशिवायही अटक करण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांस दिला आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करू नये, हा नियम खरा. पण त्यालाही अपवाद आहे. असाधारण प्रसंगी स्त्री-अधिकारी दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेऊन तशी अटक करू शकते.

गप्प राहण्याचा हक्क आहे, म्हणून नावदेखील सांगावयाचे नाही, असे मानणारेही आढळतात. आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे खरे. म्हणून कोणी पोलिसांसमोर अदखलपात्र गुन्हा करून नाव-पत्ता लपविला, तर ते समजून घेण्यासाठी त्यास अटक होऊ शकते. साक्षीदारानेही, ज्या उत्तराने तो स्वतःच आरोपात सापडेल तेवढे सोडून, विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे दिलीच पाहिजेत.

सर्वांत घातक समज असा, की अटक अन्यायाची वाटली तर हाताने प्रतिकार करावा. सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कृतीत कायद्याच्या दृष्टीने काही उणीव राहिली, तरी जिवाचे अथवा जबर दुखापतीचे भय नसेल, तर त्याच्यावर हात उगारणाऱ्यास कायदा पाठीशी घालीत नाही. अशा वेळी अधिकाऱ्याचे नाव, वेळ व स्थळ ध्यानात ठेवावे, आप्तांस कळविण्यास सांगावे, वकील मागावा, आणि दंडाधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे निर्भयपणे मांडावे.

वकिलास देण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांनीच दिले आहे. गरजू आरोपीस विनामूल्य वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होसकोट खटल्यात सांगितले. १९८३ साली मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांचे हाल पत्रकार शीला बारसे यांनी न्यायालयापुढे मांडले. तेव्हा, स्त्रियांसाठी निराळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा, आणि पोलिसांनी छळ केला काय, हे दंडाधिकाऱ्यांनी अटकेतील व्यक्तीस विचारावे, असे न्यायालयाने बजावले. आज प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे गरजूंस वकील विनामूल्य मिळतो.

पोलीस हा नागरिकांचा शत्रू नव्हे, धनीही नव्हे. तो कायद्याचा सेवक आहे, आणि ज्या कायद्याने त्यास अधिकार दिले, त्याच कायद्याने त्यास मर्यादाही घातल्या आहेत. त्या मर्यादा ज्यास ठाऊक नाहीत, त्याचे हक्क ग्रंथात असूनही नसल्यासारखेच होत. दासगावच्या धक्क्यावर एका हाताने कागद पुढे केला, दुसऱ्याने तो घेतला. आवाज चढला नाही, मानही खाली गेली नाही. कागदात काय आहे आणि तो कोणी दिला, हे ज्यास कळते, त्यास भिण्याचे कारण नसते आणि भांडण्याचेही नसते.

स्वाध्याय

१. बाबासाहेबांनी दासगाव येथे कोणते दोन मार्ग टाळले? त्यांची कारणे सांगा.
२. ‘चोवीस तास ही मर्यादा आहे, ती मोकळीक नव्हे.’ हे विधान स्पष्ट करा.
३. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्हांस पटते काय? महाडच्या दाव्याच्या आधारे सकारण लिहा.