नळाच्या पाण्याला औषधाचा वास

प्रश्न : आमच्या भंडाऱ्यात नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. क्लोरिनमुळे कॅन्सर होतो म्हणतात. खरं आहे का? – एक गृहिणी

उत्तर : क्लोरिनची भीती बाळगू नका, ताई, काळजी करायची ती पाण्यातल्या घाणीची. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तुमच्या वैनगंगेत येतं, आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे ते पूर्वीसारखं वाहून जात नाही. पाण्यात कुजलेला पाला, शेवाळ, मैला असला की क्लोरिनची त्याच्याशी प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स तयार होतात; कॅन्सरचा संशय आहे तो यांच्यावर. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी हे दाखवून दिलं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस 10500 मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. ती वर्षानुवर्षांच्या सेवनाचा विचार करून ठरवलेली असते; हगवण मात्र काही दिवसांत आणि कावीळ काही आठवड्यांत गाठते. म्हणून क्लोरिन बंद करा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

खरा उपाय जलशुद्धीकरण केंद्रात आहे : आधी तुरटीने गाळ नीट बसवायचा, पाणी गाळायचं, मग क्लोरिन. गढूळ पाण्यातच भरमसाट क्लोरिन ओतलं की ही संयुगं वाढतात. नगरपरिषदेकडे ट्रायहॅलोमिथेन्सचा तपासणी अहवाल मागा. नुसता वास हा त्यांचा पुरावा नव्हे.

घरी पाणी झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून पाचेक मिनिटं खळखळ उकळा. क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. कार्बन फिल्टरही चालतो, पण कांडी वेळेवर बदलायला हवी. बहुतेक घरी तेच राहून जातं.