तिळाचे बोंड : आनुवंशिकतेचा एक पाठ

(वरच्या इयत्तांच्या शिक्षकांसाठी)

अलीबाबाच्या गोष्टीत चोरांच्या गुहेचे दार तिळाचे नाव घेताच उघडते. आत अडकलेला कासीम नेमके तेच नाव विसरतो आणि इतर धान्यांची नावे घेत बसतो, पण दार हलत नाही. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते; मात्र सर्व धान्ये सोडून तिळाचेच नाव का, असे एखादाच मुलगा विचारतो. गोष्ट रचणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगता येणार नाही. परंतु पिकलेल्या तिळाचे बोंड ज्याने तडकताना पाहिले आहे, त्याला हे नाव अगदी समर्पक वाटेल. बोंड वाळले की ते टोकाकडून उभे फाटते, आणि वाऱ्याने झाड थोडे डोलले तरी दाणे मातीत सांडतात. हे उघडणारे बोंड हाच प्रस्तुत पाठाचा विषय होय.

रानात वाढणाऱ्या वनस्पतीच्या दृष्टीने बी सांडणे हिताचेच असते. सांडले नाही तर पुढील पिढी कोठून यावी? शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सांडलेला दाणा गेलेला दाणा होय. गहू व सातू यांचे रानटी पूर्वज असेच होते. कणीस पिकले की त्याचे तुकडे होऊन गळत. परंतु अशा रानात क्वचित एखादे रोप न गळणाऱ्या कणसाचेही निपजे. मनुष्य विळ्याने कापणी करू लागला, तेव्हा गळालेले दाणे मातीत राहिले व न गळालेली कणसे त्याच्या हाती आली. त्यांतलेच बी पुढील वर्षी पेरले गेले. मनुष्याने जाणूनबुजून निवड केली नाही, निवड त्याच्या कापणीच्या रीतीनेच होत गेली. रानटी वनस्पती माणसाळते ती बहुधा अशी, आणि हे मुलांच्या मनावर ठसवणे फार अगत्याचे आहे. नाहीतर प्राचीन काळच्या कोणी चतुर पुरुषाने एके दिवशी गहू ‘शोधून काढला’ अशी त्यांची समजूत होते.

तिळाच्या बाबतीत ही गोष्ट निम्म्यावरच थांबली, म्हणून तो उदाहरणादाखल घेण्याजोगा आहे.

तीळ हे अतिप्राचीन तेलबी पीक. ‘तेल’ हा आपला शब्दच मुळी ‘तिल’ या शब्दापासून झालेल्या ‘तैल’ शब्दावरून आला आहे. हडप्पा येथील उत्खननात जळालेल्या तिळाचा गोळा सापडलेला आहे. तिळाच्या कुळातील रानटी जाती आफ्रिकेत पुष्कळ असल्यामुळे त्याचे मूळस्थान तेच असावे असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु डोरोथिया बेडिजियन व जॅक हार्लन यांनी 1985 च्या सुमारास निराळा पुरावा पुढे आणला. शेतातील तिळाच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात. इतर काही जातींत 32 किंवा 64 असतात, व त्यांचा तिळाशी सहजासहजी संकर होत नाही. भारतात, विशेषतः मलबारच्या बाजूस, वाढणाऱ्या रानतिळात मात्र 26 च गुणसूत्रे आहेत. शेतातील तिळाशी त्याचा संकर सहज होतो आणि त्या संकराला बी धरते. तिळाच्या तेलातील विशिष्ट द्रव्येही दोहोंत मिळतीजुळती आढळली. तेव्हा आपला तीळ या रानतिळाचाच वंशज होय असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. (रानतीळ आणि रामतीळ यांत घोटाळा होऊ देऊ नये. रामतीळ म्हणजे कारळा. तो सूर्यफुलाच्या कुळातला असून तिळाचा नातलग नव्हे.)

आता पूर्वज व वंशज शेजारी ठेवून पाहा. रानतिळाचा दाणा काळपट व खरबरीत असतो आणि पेरल्यावर दीर्घकाळ निद्रिस्त राहतो. सगळे दाणे एकाच पावसाने उगवले व पुढे ओढ पडली तर वंशनाश होईल. काही दाणे मागे राहणे हा रानातला शहाणपणा आहे. शेतात मात्र जे दाणे उशिरा उगवतात ते कोळपणीत जातात आणि पीक हाती येते ते लवकर उगवलेल्या रोपांचेच. अशा रीतीने पेरणीनेच निद्रा नाहीशी केली, आणि आज शेतातील तीळ ओलाव्यात थोड्याच दिवसांत उगवतो. दाण्याचे साल पातळ व गुळगुळीत झाले. पांढरा, तांबडा, काळा असे रंग मात्र लोकांनी आवडीने जपले असावेत.

एवढे सगळे बदलले, पण बोंड उघडायचे ते उघडतेच. असे का व्हावे? त्याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याच्या हातात आहे. तिळाला खालून वर फुले येत जातात, म्हणून खालची बोंडे आधी पिकतात. शेतकरी सर्व बोंडे वाळण्याची वाट पाहत नाही. खालची पाने गळू लागली व बोंडे पिवळी पडू लागली की तो झाडे कापतो, पेंढ्या बांधून खळ्यात उभ्या करतो, आणि वाळल्यावर त्या कापडावर उलट्या धरून झटकतो. दाणे आपोआप पडतात. मळणी नको, बैल नकोत. या रीतीत उघडणारे बोंड दोष न राहता सोयीचे ठरले! गव्हात विळ्याने जी निवड केली ती येथे झालीच नाही. मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. कापणीला चार दिवस उशीर झाला किंवा मजूर वेळेवर मिळाले नाहीत, तर पिकाचा काही भाग जमिनीवर जातो. शिवाय जे यंत्र उभे पीक कापून मळते, त्याला असे पीक हाताळता येत नाही.

1943 साली व्हेनेझुएला देशात डी. जी. लँगहॅम या संशोधकास तिळात न उघडणाऱ्या बोंडांचा प्रकार आढळला. आनुवंशिक द्रव्यात आकस्मिक झालेल्या बदलाने, म्हणजे उत्परिवर्तनाने, तो उद्भवला होता. उघड्या बोंडाच्या तिळाशी त्याचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सर्व झाडांची बोंडे उघडणारीच निघतात. दुसऱ्या पिढीत दर चार झाडांत सरासरी एक झाड मिटलेल्या बोंडांचे मिळते. मेंडेलने वाटाण्यात दाखविलेले 3 : 1 हे प्रमाण ते हेच.

वर्गात हे चिंचोक्यांनी दाखवावे. दोन पिशव्या घ्याव्यात. प्रत्येकीत ‘उ’ (उघडणारे) व ‘मि’ (मिटलेले) अशी खूण केलेले चिंचोके समसमान घालावेत. ही पहिल्या पिढीची झाडे समजावीत. मुलाने न पाहता प्रत्येक पिशवीतून एक चिंचोका काढावा, जोडी फळ्यावर लिहावी व चिंचोके परत टाकावेत. जोडीत एक जरी ‘उ’ असेल तरी बोंड उघडणार. दोन्ही ‘मि’ आले तरच मिटलेले राहणार. आठदहा खेपांत प्रमाण जुळणार नाही आणि मुले तक्रार करतील. ती करू द्यावी, व खेपा शंभरावर न्याव्यात. मिटलेला गुण उघड्या झाडात दडून राहतो व पुढे प्रकट होतो, हे मुलांना व्याख्येपेक्षा या खेळाने लवकर कळते.

लँगहॅम यांच्या तिळाने प्रश्न सुटला असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. त्या झाडांची पाने द्रोणासारखी वळत, खोड पिळवटलेले असे व बी कमी धरे. बोंड तर इतके घट्ट की ते फोडताना दाणाही दुखावे आणि दुखावलेल्या दाण्याचे तेल लवकर बिघडे. एकाच गुणघटकाचे असे अनेक परिणाम का व्हावेत? तिळाच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचे वाचन 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर 2018 साली चिनी संशोधकांनी वळलेली पाने व मिटलेली बोंडे ही दोन्ही लक्षणे घडविणारा एक गुणघटक निश्चित केला. या जातीचे गुणघटक पानाची वरची व खालची बाजू ठरविण्याच्या कामी असतात. आणि बोंड तरी काय? उत्पत्तीने तेही पानच, कडा जुळून मिटलेले. पानाची घडण बिघडली की बोंडाच्या भिंतीचीही बिघडते. निसर्गात गुण सुटे विकत मिळत नाहीत, असे माझ्या एका सहकाऱ्यांनी म्हटले होते ते येथे पटते.

पुढे डी. जी. लँगहॅम यांचे पुत्र रे लँगहॅम यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यात निराळी वाट धरली. बोंड पूर्ण मिटविण्याचा हट्ट सोडून, ते टोकाशी थोडे उघडावे, वाळावे, पण दाणा आतल्या देठाशी धरून ठेवावा, असे वाण त्यांनी वर्षानुवर्षे निवडून सिद्ध केले. असा तीळ उभा वाळतो व यंत्राने कापता येतो. येथे एका मोठ्या बदलाऐवजी अनेक लहान गुणांची बेरीज कामी आली.

ज्या शाळांना बाग आहे त्यांनी जूनअखेर अथवा जुलैत एक लहानसा वाफा तिळाचा करावा. दाणे बारीक असल्याने वाळूत मिसळून उथळ पेरावेत, व पाणी साचू देऊ नये. बोंडे पिवळी पडू लागली की निम्मी झाडे कापून पेंढी उभी करावी. उरलेली झाडे तशीच राखून त्यांच्या बुडाशी कागद अंथरावा व रोज सकाळी त्यावरील दाणे मोजावेत. कोणत्या दिवशी, कोणत्या उंचीवरचे बोंड प्रथम फुटले, याची नोंद मुलांनीच ठेवावी. आसपास रानतीळ असल्यास बी राखण्याचा वाफा त्यापासून दूर असावा. तीळ बहुधा स्वतःच्याच परागाने फळतो खरा, परंतु मधमाश्या दोहोंवर फिरतात आणि पुढच्या वर्षी काही झाडे काळपट, उशिरा उगवणाऱ्या दाण्यांची निघू शकतात. मग बांधावरचा रानतीळ उपटून टाकावा काय, असे मुले विचारतील. उपटू नये. शेतातील तीळ ज्या गुणांना मुकला त्यांपैकी कोणते उद्या लागतील हे आज ठरविता येत नाही, आणि सहज संकर होणारा त्याचा नातलग हाच आहे.