बालकांचे शिशापासून संरक्षण

विष म्हटले म्हणजे साप, विंचू अथवा पिकांवर फवारावयाची औषधे आपल्या डोळ्यांसमोर येतात. शिसे हा धातूही विषच आहे. परंतु त्याला वास नाही, दंश नाही आणि त्याची बाधा झालेले मूल बहुधा आजारी दिसतही नाही. ते थोडे चिडचिडे होते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, पोट दुखते, चेहरा फिकट पडतो. घरातील माणसे त्याला हट्टी म्हणतात, शाळेत ते मंद ठरते. खरे कारण रक्ताची तपासणी केल्याखेरीज कळत नाही.

ग्वाल्हेर येथील संशोधन

या विषयाशी ग्वाल्हेर नगरीचा निकटचा संबंध आहे. येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत डॉ. एस. जे. एस. फ्लोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिसे व आर्सेनिक यांच्या विषबाधेवर दीर्घकाळ संशोधन केले. शरीरातील शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी काही औषधे आहेत. त्यांपैकी सक्सिमर या औषधाचे एक नवे रूप तेथे प्राण्यांवरील प्रयोगांत अभ्यासले गेले व ते उपयुक्त असल्याचे आढळून आले.

औषध आहे, मग चिंता कशाला, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीने दिले आहे. रक्तात शिसे आढळलेल्या ७८० लहान बालकांपैकी काहींना सक्सिमर देण्यात आले व काहींना केवळ औषधासारखी दिसणारी गोळी देण्यात आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने रक्तातील शिसे कमी झाले; परंतु बुद्धीच्या चाचण्यांत ही बालके इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. तात्पर्य असे की, तीव्र बाधेत औषध प्राण वाचवू शकते. परंतु वाढत्या मेंदूची झालेली हानी ते भरून काढू शकत नाही. यास्तव शिसे शरीरात जाऊ न देणे हाच खरा उपाय होय.

बालकांनाच अधिक धोका का?

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. परंतु काही बाबतीत ते कॅल्शियमसारखे वागते, म्हणून शरीर फसते व त्याला हाडांत व दातांत साठवून ठेवते. तेथे ते अनेक वर्षे राहते. गर्भवती स्त्रीच्या हाडांतील शिसे रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग प्रौढ माणूस शोषून घेतो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मूल शोषून घेते. त्यात रांगणाऱ्या मुलाचे हात सतत जमिनीवर आणि जमिनीवरून तोंडात असतात.

शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यास ते कोठून येते याचा शोध घ्यावा, असे या संघटनेने सांगितले आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. २०२० साली युनिसेफच्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी बालके या मर्यादेपलीकडे असल्याचा अंदाज देण्यात आला. त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लाख भारतातील होती.

शिसे कोठून येते?

पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तथापि, जुन्या वाड्यांच्या दारे-खिडक्यांवर पूर्वीचे रंग असू शकतात व त्यांचे पोपडे मुलांच्या हाती लागतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून त्यांतील शिसे वितळविणे. त्याची धूळ अंगणात, मातीत व कामगाराच्या कपड्यांबरोबर घरात येते. याशिवाय कल्हईच्या कथलात केलेली शिशाची भेसळ, हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून मिसळलेले लेड क्रोमेट आणि काही प्रकारचा सुरमा यांतूनही शिसे पोटात जाऊ शकते. देवांना लावण्याचा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक संयुग आहे.

घेण्याची दक्षता

१. जुना रंग कोरडा खरवडू नये. तो पाणी मारून ओला करावा व त्या वेळी मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे.

२. पोपडे पडत असलेल्या खोलीत केवळ झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसावी.

३. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. शेंदूर लावल्यावर वडीलधाऱ्यांनीही हात धुवावेत. यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही.

४. बॅटरीच्या कामावरून आलेल्या व्यक्तीने कपडे बदलून व अंग धुऊनच मुलाला उचलून घ्यावे.

५. सुटी, अतिशय चमकदार हळद घेऊ नये. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत सुरमा किंवा काजळ घालू नये.

६. मुलांना उपाशी ठेवू नये. रिकाम्या पोटी आणि लोह व कॅल्शियम यांची उणीव असताना शिसे अधिक शोषले जाते. म्हणून आहारात दूध, नाचणी, तीळ, डाळी, पालेभाज्या व आवळा यांचा समावेश असावा.

सर्वांचे कर्तव्य

गावात वा वस्तीत बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असल्यास सरपंच व ग्रामसेवक यांनी ते संबंधित अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावे. २०२२ च्या नियमांनुसार असे काम नोंदणीकृत केंद्रांतच करावयाचे असते. अंगणवाडी सेविकांनी माती वा रंगाचे पोपडे खाणाऱ्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे व शंका आल्यास रक्ततपासणीसाठी पालकांना जिल्हा रुग्णालयात अथवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. शिक्षकांनी, एखादा विद्यार्थी मागे पडू लागताच त्याला मंद न ठरवता तो कोठे राहतो व त्याच्या घरी कोणता व्यवसाय चालतो, याची आपुलकीने चौकशी करावी.

मुलाची हरवलेली बुद्धी कोणत्याही दवाखान्यात परत मिळत नाही. मात्र ती हरवू न देण्यास लागणारे साबण, पाणी, ओले फडके आणि थोडी जागरूकता प्रत्येक घरात आहे. तिचा उपयोग आजच सुरू झाला पाहिजे.