शेपटी काळी पडते तेव्हा

“म्हशीच्या शेपटीचा गोंडा गळाला, टोक काळे पडून वाळत चालले, आता शेपटी तोडावी काय?” असे हिवाळ्यात पुष्कळ ठिकाणी विचारतात. आमचे सांगणे असे, की कोयता उचलण्यापूर्वी गव्हाणीतील मूठभर पेंढा हाती घेऊन हुंगून पाहावा.

शेपटीस इजा होण्याची साधी कारणे सर्वांस ठाऊक आहेत. जनावर उठेना म्हणून शेपटी पिरगळली की मणका मोडतो (ही खोड आपण टाकलीच पाहिजे), किंवा शेजारच्या जनावराचा पाय तिच्यावर पडतो. मग जखमेवर माशी बसून अळ्या होतात. परंतु अशी इजा बहुधा एकाच जनावरास होते. एकाच गोठ्यातील दोन-तीन जनावरांच्या शेपट्या व कानांची टोके सुकू लागली, पाय सुजले आणि खुरांच्या वरची कातडी फुटली, तर दोष वैरणीत असल्याचा संशय घ्यावा.

ह्या रोगास देगनाला म्हणतात. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील देग नाल्याच्या काठी तो प्रथम ध्यानात आला, म्हणून हे नाव. १९३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. गाईंपेक्षा म्हशींस तो अधिक होतो. भाताचा पेंढा ओला असताच रचला की त्यावर बुरशी धरते. तिच्या विषाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि अंगाच्या टोकांस रक्त पोहोचत नाही. थंडीत तर फारच कमी. म्हणून शेपटी व कान आधी मरतात. पुढे खूरही गळून पडते, आणि मग दुधाची आशा ती काय धरावी!

कोकणातही कापणीच्या वेळी अवेळी पाऊस येऊन पेंढा भिजतो. भिजलेला पेंढा नीट वाळल्यावाचून त्याची उडवी रचू नये. काळा पडलेला व कुबट वासाचा पेंढा उन्हात घालून पुन्हा खाऊ घालणे व्यर्थ आहे. बुरशी वाळली तरी विष राहते. तो खतात टाकावा. रोग दिसताच पेंढा बंद करून हिरवा चारा द्यावा, जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवाव्या, माशी बसू देऊ नये आणि पशुवैद्यास बोलवावे. मेलेला भाग काढावयाचा झाल्यास तो त्यानेच काढावा. रक्त थांबविण्यासाठी घट्ट दोरी आवळून ठेवल्याने चांगला भागही मरतो.

अंगभर गाठी व ताप असल्यास मात्र तो रोग निराळा. भारतात २०१९ साली ओडिशात प्रथम आढळलेला व २०२२ साली महाराष्ट्रात फैलावलेला लम्पी तो हाच. तो चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. तेथे जनावर त्वरित वेगळे बांधावे. निरोगी जनावरांस लस आधीच टोचलेली असावी. केस झडून गोल, खरबरीत चट्टे पडले असतील तर ते गजकर्ण होय. ते माणसांसही लागते, म्हणून धार काढणाऱ्याने हात साबणाने धुवावे व मुलांस त्या वासरापासून दूर ठेवावे.